हॉवर्थिया : ओळख व कुंडीतील लागवड

कोरफडीच्या कुळातील एक लहानसे शोभेचे रोप आता शहरांतील रोपवाटिकांतून व आठवडी बाजारांतूनही विक्रीस ठेवलेले आढळते. रोप वीतभरही उंच नसते. त्याच्या गडद हिरव्या, टोकदार पानांवर पांढऱ्या आडव्या रेघा असतात, म्हणून विक्रेते त्यास 'झेब्रा' म्हणतात. कोणी ते 'छोटी कोरफड' म्हणून देतात, तर कोणी सरसकट 'कॅक्टस' म्हणून. ह्याचे खरे नाव हॉवर्थिया. हे रोप मूळचे दक्षिण आफ्रिकेतील आहे. बचत गटांतील भगिनी व काही होतकरू तरुण ह्याची लहान रोपवाटिका करण्याचा विचार करू लागले आहेत, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस ह्याची नीट माहिती असणे अगत्याचे आहे.

ह्या रोपाबाबतची तक्रार बहुधा एकच असते. रोप मार्गशीर्षात आणले, चैत्रापर्यंत उत्तम होते आणि पहिल्या पावसाळ्यात बुडातून कुजले. रोप नाजूक आहे म्हणून असे होत नाही. ते कोणते आहे हे न ओळखता त्यास तुळशीप्रमाणे काळ्या मातीत लावले जाते व तुळशीप्रमाणेच रोज पाणी घातले जाते. दुर्लक्षाने हॉवर्थिया क्वचितच मरते. मायेने घातलेल्या पाण्याने मात्र हमखास मरते. बीड जिल्ह्यातील माती, ऊन व पाऊस ध्यानात घेऊन तिची लागवड कशी करावी, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

नाव व मूलस्थान

एड्रियन हार्डी हॉवर्थ नावाचे एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मांसल पानांच्या वनस्पतींचा त्यांनी मोठा अभ्यास केला होता. त्यांच्या सन्मानार्थ फ्रेंच शास्त्रज्ञ ड्यूव्हाल ह्यांनी १८०९ साली ह्या प्रजातीस हॉवर्थिया हे नाव दिले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातील आहेत. तेथे त्या उघड्या माळावर भर उन्हात वाढत नाहीत, तर झुडपांच्या बुडाशी, खडकांच्या कपारीत किंवा गवताच्या आडोशाने राहतात. त्या प्रदेशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे वर्षाचा सुमारे साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो आणि नंतर आभाळ कोरडे होते. ह्या रोपाच्या बहुतेक अडचणी ह्या फरकातून निर्माण होतात.

आपल्या दख्खनच्या खडकाळ माळावर माकडशिंग नावाची मांसल वनस्पती आढळते. गुराख्यांना ती परिचित आहे व दुष्काळात लोक ती खातही असत. ती नेहमी एखाद्या काटेरी झुडपाच्या बुडाशी, मुरमाड जागेत सापडते. काळ्या रानात कधीच सापडत नाही. तिचे व हॉवर्थियाचे कूळ वेगळे आहे, परंतु बसण्याची जागा तीच. ज्यांनी माकडशिंग पाहिली आहे, त्यांना हॉवर्थियास काय मानवते हे निराळे सांगावयास नको. मात्र कुंडीत लावण्यासाठी माकडशिंग माळावरून उपटून आणू नये. ती आधीच विरळ होत चालली आहे.

ओळख कशी करावी

प्रथम रोप काय नाही ते पाहावे. पानाचे टोक किंचित मोडल्यास पांढरा चीक आला, तर ते रोप शेर व थोर ह्यांच्या वंशातील आहे असे समजावे. तो चीक डोळ्यांस अपायकारक असतो, म्हणून हात लगेच धुवावेत. पिवळसर, कडू वासाचा रस आला व पानांच्या कडेस काटे असले, तर ती कोरफड होय. हॉवर्थियाचा रस पाण्यासारखा स्वच्छ असतो. पानांच्या कडा बहुधा गुळगुळीत किंवा मऊ दातेरी असतात. त्या हातास बोचत नाहीत.

घायपाताचे लहान रोपही कधी कधी ह्याच नावाने खपविले जाते. त्याच्या पानाच्या टोकास टणक, काळपट सुई असते आणि पान चिरल्यास लांब धागे निघतात. घायपात एकदाच फुलते व फुलल्यावर मरते. हॉवर्थिया दरवर्षी फुलली तरी मरत नाही.

खरी गल्लत होते ती गॅस्टेरियाशी. गॅस्टेरिया हीदेखील दक्षिण आफ्रिकेतील व त्याच कुळातील आहे. तिची पाने जिभेसारखी जाड असतात व लहान वयात समोरासमोर दोनच रांगांत येतात. हॉवर्थियाची पाने सर्व बाजूंनी फिरत येऊन कमळासारखा झुपका करतात. तरीही शंका राहिल्यास फुलाची वाट पाहावी. गॅस्टेरियाचे फूल गुलाबी-लाल, खाली लोंबणारे व बुडाशी पोटासारखे फुगलेले असते, आणि पोट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच तिचे नाव पडले आहे. कोरफड व तिच्या जवळच्या जातींची फुले पिवळी, नारिंगी किंवा लाल नळीसारखी असतात. हॉवर्थियाचे फूल मात्र अगदी लहान, पांढरट, हिरव्या वा तपकिरी रेघांचे व दोन ओठांचे असते. ते फूटभर लांब, बारीक दांड्यावर येते. फुलास शोभा नाही. ह्या रोपाची शोभा पानांत आहे. म्हणून फुले येऊन गेल्यावर दांडा कापून टाकावा.

हॉवर्थिया ठरली, की ती कठीण पानांची की मऊ पानांची, हे पाहावे. व्यवहारात हा भेद सर्वांत उपयोगी आहे.

कठीण पानांच्या रोपाची पाने चामड्यासारखी टणक, गडद व टोकदार असतात आणि त्यांवर पांढरे उंचवटे किंवा पट्टे असतात. 'झेब्रा' म्हणून विकले जाणारे रोप ह्या वर्गातील. त्यातही दोन जाती आहेत. ॲटेन्युएटा जातीच्या पानाच्या दोन्ही अंगांस पांढरे खडबडीत ठिपके असतात. फॅसिएटा जातीत पानाचे आतले अंग गुळगुळीत हिरवे असते व पांढरे पट्टे फक्त बाहेरच्या अंगास असतात. बोट फिरवून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. बाजारात फॅसिएटा म्हणून दिली जाणारी रोपे बहुतेक वेळा ॲटेन्युएटाच असतात. त्यात तोटा काही नाही, कारण ॲटेन्युएटा अधिक काटक असून तिला पिल्लेही अधिक येतात. परंतु दुर्मिळ जात म्हणून कोणी जादा पैसे मागत असल्यास बोट फिरवून पाहिल्यावाचून देऊ नयेत. लिमिफोलिया नावाची आणखी एक जात ह्याच वर्गात मोडते. तिच्या रुंद, त्रिकोणी पानांवर कानशीप्रमाणे आडव्या कंगोऱ्या असतात.

मऊ पानांच्या वर्गात कूपेरी व सिंबिफॉर्मिस ह्या जाती सहज मिळतात. कूपेरीची पाने द्राक्षाच्या मण्यांसारखी फुगीर असून त्यांची टोके काचेसारखी पारदर्शक असतात. मूळ स्थानी हे रोप मातीत जवळजवळ पुरलेले असते. त्याच्या पानांची टोकेच तेवढी वर दिसतात व त्या 'खिडक्यां'तून उजेड आत शिरतो. आपल्याकडे कुंडीत मात्र ते मातीत पुरू नये. पावसाळी दमट हवेत कुजते. सिंबिफॉर्मिसची पाने होडीच्या आकाराची, फिकट हिरवी असतात. मऊ पानांच्या जातींस सावली अधिक लागते आणि चूक झाली तर त्या लवकर दगावतात. नवशिक्याने ॲटेन्युएटापासूनच सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट नावांविषयी. २०१३ साली शास्त्रज्ञांनी जुन्या हॉवर्थिया प्रजातीचे तीन भाग केले. मऊ पानांच्या जाती हॉवर्थियातच राहिल्या, कठीण पानांच्या बहुतेक जाती हॉवर्थिऑप्सिस ह्या प्रजातीत गेल्या व थोड्या मोठ्या जाती टुलिस्टा ह्या प्रजातीत. म्हणून नव्या पुस्तकात 'झेब्रा' रोपाचे नाव निराळे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. बाजारात जुनेच नाव चालते व ह्या लेखातही तेच ठेवले आहे.

रोपाचा स्वभाव

पुष्कळ घरांत पानफुटी असते. तिचे पान सकाळी चाखल्यास आंबट लागते व दुपारनंतर तो आंबटपणा कमी होतो. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात ही गोष्ट पाहिली व ती १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. पुढे तिचे कारण उलगडले. ह्या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात, त्यामुळे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात व आम्लाच्या रूपाने साठवितात. दिवसाच्या उजेडात त्याचे अन्न होते. कोरफड व हॉवर्थिया ह्यांची रीत हीच आहे.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, रोपास गार रात्र हवी. वैशाखात दिवसा पारा चाळीस अंशांवर जातो व रात्रीही उकाडा हटत नाही, तेव्हा हॉवर्थिया आपली वाढ थांबवून स्वस्थ बसते. ह्या विश्रांतीच्या काळात 'उन्हाळा आहे, तहानले असेल' म्हणून पाणी घालणे म्हणजे झोपलेल्या माणसास जेवू घालण्यासारखे होय. दुसरी, आपल्याकडे तिचा वाढीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा आहे. पिल्ले काढणे, कुंडी बदलणे, खत देणे ही सर्व कामे ह्याच काळात करावीत.

माती : सर्वांत महत्त्वाची बाब

गोदावरी व सिंदफणेच्या काठची काळी माती कापसास व उसास उत्तम. हॉवर्थियास मात्र ती घातकच. काळी माती पाणी धरून फुगते व वाळताना भेगाळते. फुगलेल्या मातीत हवा न मिळाल्याने ह्या रोपाची जाड, मांसल मुळे कुजतात. भेगाळताना जी उरली असतील ती तुटतात. थोडी वाळू मिसळून हा दोष जात नाही, उलट मिश्रण विटेसारखे घट्ट बसते. म्हणून कुंडीत काळी माती मुळीच घालू नये.

ह्याउलट बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, आष्टी, धारूर, केज ह्या बाजूस जो मुरूम विपुल व जवळजवळ फुकट मिळतो, तो ह्या रोपास मानवतो. शेतकरी ज्या बरड जमिनीस कपाळाला हात लावतात, तीच येथे उपयोगी पडते.

मुरूम तांबूस व टणक खड्यांचा घ्यावा. पांढरट, चुनखडीयुक्त मुरूम घेऊ नये. शंका असल्यास मूठभर मुरमावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे येऊन फसफसल्यास त्यात चुना आहे असे समजून तो टाकून द्यावा. चांगला मुरूम वाळू चाळावयाच्या जाळीतून चाळून घ्यावा, हरभऱ्यापेक्षा मोठे खडे काढून टाकावेत आणि मग बारीक चाळणीने पीठ झाडून टाकावे. पीठ काढण्याचे काम कंटाळवाणे आहे व बहुतेकजण तेच टाळतात. परंतु ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे खडे ठेवले तरच पाणी झरझर निघून जाते. पीठ राहिल्यास ते बुडाशी बसून चिखल होतो.

मिश्रणाचे प्रमाण घमेल्याने मोजावे: चाळलेला मुरूम दोन घमेली, पक्क्या भाजलेल्या मातीच्या विटांचे बारीक खडे एक घमेले, धुतलेली जाड वाळू एक घमेले आणि वर्षभर कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत पाऊण ते एक घमेले. ओंजळभर लाकडी कोळशाचे तुकडे टाकल्यास उत्तम. ताजे शेण कदापि घालू नये. परळी भागात औष्णिक विद्युत केंद्राची राख सहज मिळते म्हणून ती मिश्रणात घालण्याचा मोह होतो. ही राख फार बारीक असते व ओली होऊन थिजते, म्हणून ती वर्ज्य करावी. राखेपासून केलेल्या विटांत चुना किंवा सिमेंट असते, त्यामुळे त्या विटांचा चुराही घेऊ नये.

कुंडी भरून झाल्यावर तिची परीक्षा करावी. वरून पेलाभर पाणी एकदम ओतावे. पाणी पृष्ठभागावर न थांबता उतरले व थोड्याच वेळात बुडाच्या छिद्रातून बाहेर पडले, तर मिश्रण योग्य आहे. वर तळे साचले तर पुन्हा चाळावे.

कुंडी मातीची, चार इंची पुरे. 'पुढे वाढेल' म्हणून मोठी कुंडी घेणे चुकीचे आहे; मुळे नसलेली जादा माती ओली राहते व कूज तेथूनच सुरू होते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उन्हात तापतात, म्हणून त्या टाळाव्यात. जुन्या डब्यांना बुडास चार-पाच भोके पाडून तेही वापरता येतील.

जागा, सावली व पाणी

पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेली ओसरी ही सर्वांत उत्तम जागा. हिवाळ्यात सकाळी दहापर्यंतचे कोवळे ऊन मानवते. मार्चपासून ऊन आठपर्यंतच द्यावे व मग पूर्ण सावली करावी. पत्र्याच्या छपराखाली, पत्र्यास लागून रोपे ठेवू नयेत. दुपारी तेथे भट्टी होते. शेडनेट असल्यास हिवाळ्यात पन्नास टक्के व उन्हाळ्यात पंचाहत्तर टक्के सावलीची घ्यावी. नसल्यास तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घालावा. त्यातून पडणारी कवडशांची सावली ह्या रोपास चांगली असते.

आपल्या जिल्ह्यात सीताफळीची झाडे भरपूर आहेत, म्हणून कुंड्या त्यांच्याखाली ठेवाव्यात असे सहज सुचते. तसे करू नये. सीताफळीची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात व सावलीची खरी गरज असते तेव्हाच झाड उघडे पडते. शिवाय तिच्यावर पिठ्या ढेकूण असतो, त्याचा उल्लेख पुढे येईलच. कडुनिंबास चैत्रात नवी पालवी फुटते; त्याची सावली उपयोगी पडते.

पावसाळ्यात वर छप्पर किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद असलाच पाहिजे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळेल. मृगाच्या पहिल्या सरीत रोपे 'न्हाऊ घालण्याची' हौस एकदा पुरविण्यास हरकत नाही. झड लागल्यावर मात्र एक थेंबही पडू देऊ नये.

पाण्याचे एकच सूत्र आहे. बांबूची बारीक काडी कुंडीत बुडापर्यंत खुपसावी व थोड्या वेळाने काढून पाहावी. ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे, आणि दिले म्हणजे बुडातून वाहीपर्यंत द्यावे. अंदाजासाठी सांगावयाचे, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा ते आठ दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा दिवसांनी, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत आठवड्याने पाळी येते. एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांनी, तेही दिवस मावळल्यावर व कडेकडेने थोडेच. पावसाळी हवेत काडी तीन-तीन आठवडे ओली निघते. तितके दिवस पाणी देऊ नये. पाणी पानांच्या झुपक्यात साचू देऊ नये.

बोअरचे पाणी पुष्कळ गावी जड आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागल्यास ते ओळखावे. छपरावरील पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच वापरल्यास उत्तम. ह्या रोपास पाणी लागते तरी किती? चार इंची कुंडीस एका वेळी सुमारे शंभर मिलिलिटर, म्हणजे शंभर कुंड्यांस एका पाळीस दहा लिटर, एक बादली. वर्षाकाठी चाळीस-पंचेचाळीस पाळ्या धरल्या तरी साडेचारशे लिटरांवर खर्च जात नाही. २०१२-१३ व २०१५-१६ च्या अवर्षणात ज्या गावांनी टँकरची वाट पाहिली, त्यांना ह्या हिशेबाचे महत्त्व कळेल.

खत फारसे लागत नाही. ऑक्टोबरात व फेब्रुवारीत एकेकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरास अर्धा ते एक ग्रॅम ह्या प्रमाणात द्यावे. युरियाचा दाणाही टाकू नये; पाने पोकळ वाढून फाटतात व कुजतात.

पिल्ले काढणे

केळीस मुनवे येतात तशी हॉवर्थियास बुडाशी पिल्ले येतात. पिल्लास स्वतःची मुळे फुटली व ते आईच्या एक-तृतीयांश आकाराचे झाले, की वेगळे करावे. काळ ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी. आधी आठ दिवस पाणी तोडावे, रोप कुंडीतून काढून माती झाडावी व पिल्लू हाताने अलगद वाकवून सुटे करावे. सुटले नाही तर स्वच्छ चाकूने कापावे. पुढची पायरी बहुतेकजण गाळतात: जखम सावलीत तीन-चार दिवस सुकू द्यावी, मग कोरड्या मिश्रणात लावावे आणि पहिले पाणी पाच-सात दिवसांनी द्यावे. उसाचे बेणे ओल्या सरीत लावणाऱ्यास हे विचित्र वाटेल, परंतु ओली जखम मातीत गेली की बुरशी लागते.

मऊ पानांच्या जातींत पूर्ण पान बुडासकट काढून, सुकवून, मुरमावर टेकवून ठेवल्यास त्यास मुळे व पुढे लहान रोप फुटू शकते. त्यास महिने लागतात व सर्वच पाने साधत नाहीत. कठीण पानांच्या जातींत हा उपाय क्वचितच यशस्वी होतो.

रोगलक्षणे व कीड

पाने तांबूस झाली तर ऊन जास्त आहे. रोप सावलीत न्यावे, रंग परत येतो. पाने फिकट होऊन लांब व पसरट झाली तर उजेड कमी आहे. पाने पातळ होऊन आत मिटली तर तहान आहे असे वाटते. परंतु येथे फसगत होते. मुळे कुजली असली तरीही रोप तहानलेलेच दिसते, कारण पाणी ओढण्यास मुळेच राहिलेली नसतात. म्हणून पाणी घालण्यापूर्वी रोप बोटांनी हलकेच ओढून पाहावे. घट्ट असेल तर पाणी द्यावे. डळमळत असेल तर कुंडीतून काढून मुळे तपासावीत. काळी, पिचलेली मुळे कापून टाकावीत व मऊ झालेली पाने सोलून काढावीत. जखमेस गंधकाची किंवा कोळशाची पूड लावून रोप सावलीत आठवडाभर उघडे ठेवावे. नंतर कोरड्या मुरमात बसवून नवी मुळे येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, पाणी देऊ नये. वेळेत पाहिल्यास पुष्कळ रोपे वाचतात.

कीड मुख्यतः एकच, पिठ्या ढेकूण. कापूस व सीताफळ करणाऱ्यांस ती परिचित आहे. ती पानांच्या बेचक्यात कापसासारखी दिसते. तिचा एक प्रकार मुळांवरही बसतो, तो कुंडी उपसल्याशिवाय दिसत नाही. पानांवरील कीड स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावी व आठ-आठ दिवसांनी तीन वेळा पाहावी. मुळांवर असल्यास सर्व माती टाकून द्यावी, मुळे धुवून सुकवावीत व नव्या मिश्रणात लावावे. मुंग्या ही कीड एका कुंडीतून दुसरीत नेतात, म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे इष्ट. कोंबड्यांपासूनही जपावे, खडे उकरण्याच्या नादात त्या एका सकाळीत पंचवीस रोपे उलथवितात.

जोडधंदा म्हणून

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडणीस जातात व मार्च-एप्रिलात परततात. गावी वृद्ध माणसे व शाळकरी मुले राहतात. हॉवर्थियाच्या वाढीचा हंगाम नेमका हाच आहे. आठवड्यास एक बादली पाणी व काडी घालून पाहण्याचे काम म्हाताऱ्या माणसासही झेपते. ह्या दृष्टीने हे रोप आपल्याकडे विचारात घेण्यासारखे आहे.

तथापि हे पीक नव्हे, हे कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगावे. ह्यासाठी कर्ज काढू नये, शेडनेटगृह उभारू नये व चालू पिकाखालची जमीन अडवू नये. वीस चांगली मातृरोपे घेऊन ओसरीवर सुरुवात करावी. एका रोपास वर्षात तीन पिल्ले आली असे धरले, तर पहिल्या वर्षअखेर साठ पिल्ले होतात; पिल्लू विक्रीयोग्य होण्यास आणखी आठ ते बारा महिने लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हाती पैसा नाही. एक संपूर्ण पावसाळा ज्याच्याकडे रोपे शाबूत राहिली, त्यानेच संख्या वाढवावी. ग्राहक कोठे आहे हेही आधी पाहावे. छत्रपती संभाजीनगर व पुणे येथील रोपवाटिकांस आधी दोन-चार रोपे दाखवून बोलणे करावे. शंका आल्यास अंबाजोगाई किंवा खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात रोप घेऊन जावे.

खरेदीत सावध असावे. रोपास निळा-गुलाबी रंग फासलेला असतो, तो पानाची रंध्रे बुजवितो. कधी वाळलेली फुले गोंदाने चिकटविलेली असतात. 'निळ्या हॉवर्थियाचे बी' म्हणून पाकिटे विकली जातात. तसले रोप जगात कोठेही नाही. परदेशातून टपालाने रोपे मागवू नयेत. आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज अशी आयात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये बेकायदा आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१९ पासून लहान मांसल वनस्पती डोंगरांवरून खणून चोरून विकण्याचा प्रकार फार वाढला असून, विशेषतः कोनोफायटम ह्या प्रजातीची त्यात मोठी हानी झाली आहे. म्हणून मातृरोपे कुंडीत वाढविलेल्या पिल्लांचीच घ्यावीत. ती आपल्याकडे पुरेशी मिळतात.

दूरच्या गावी रोपे पाठविताना कुंडीसकट पाठवू नयेत. वजन होते व पाने मोडतात. रोपे कुंडीतून काढून दोन दिवस सावलीत सुकवावीत, जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळावीत आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी भरावीत. अशी रोपे आठ-दहा दिवस सहज टिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्यास दोन दिवसांत कुजतात. पोचल्यावर रोप कोरड्या मुरमाड मिश्रणात लावावे, पहिले पाणी पाच दिवसांनी द्यावे व काळी माती वापरू नये, एवढे तीन ओळींत लिहून ती चिठ्ठी प्रत्येक खोक्यात घालावी.